वाइन जुनी तेवढी भारी?

सिनेमातला श्रीमंत माणूस तळघरातून धुळीने माखलेली बाटली काढतो, वर्ष वाचून दाखवतो आणि टेबलावरचे सगळे ‘वा!’ करतात. तेव्हापासून तुमच्या-माझ्या डोक्यात एक गणित फिट्ट बसलंय, वाइन जितकी जुनी तितकी भारी. त्यात ती फ्रान्सची असेल तर विषयच संपला.

हे गणित बरंचसं चुकीचं आहे. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच बनते. ती जास्त ठेवली तर शिळी होते, बस्स. खऱ्या अर्थाने मुरणारी वाइन थोडीच. असं का, हे कळायला आधी द्राक्षाकडे जाऊ.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं नान्नज तुम्हाला माळढोकमुळे माहीत असेल. त्याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हे द्राक्षाचं वाण शोधलं. लांबट मणी, पातळ साल, बी नाही. खायला एक नंबर. रेड वाइनचं द्राक्ष याच्या अगदी उलटं असतं. बारीक मणी, जाड साल, आत बिया. पण सगळा कारभार त्या साली-बियांतच आहे. या द्राक्षांचा रस बहुधा बिनरंगाचा असतो. लाल रंग सालीतून उतरतो आणि साली-बियांतूनच येतं टॅनिन. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ना, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. कडक उकळलेल्या कोऱ्या चहातही तेच असतं.

फ्रान्समधल्या बोर्दोची चांगली रेड वाइन नवी असताना अशीच तोंड आवळते. मग ती बाटलीत पडून राहते. बुचातून अगदी किंचित हवा आत जाते, टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून लांब साखळ्या होतात, काही गाळ बनून तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो. जांभळट रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळाचा वास मागे पडून सुकामेवा, चामडं, तंबाखू, ओली माती असले वास वर येतात. ज्या वाइनमध्ये मुळातच टॅनिन आणि आंबटपणा कमी, तिच्याजवळ मुरायला भांडवलच नसतं.

शिवाय ही पडून राहण्याची जागा थंड आणि अंधारी लागते, साधारण १२ ते १४ अंश. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली भारीतली भारी बाटली मुरायच्या आधी शिजेल.

आता चाखणं. ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरका धरून रंग बघतात, ग्लास फिरवून वास घेतात, मग छोटा घोट तोंडभर घोळवतात आणि (हे सिनेमात दाखवत नाहीत) थुंकून टाकतात. व्यावसायिक चाखणारे दिवसात कित्येक वाइन तपासतात, प्यायले तर काम कसं करणार? निम्मं काम नाकाचंच. हे ऐकून बिचकू नका. बाजार समितीत ज्वारी तळहातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून भाव ठरवणारे आडते तुम्ही पाहिलेत. तेही हेच करतात, फक्त त्यावर फ्रेंच नावं चिकटवलेली नाहीत.

एक मात्र स्पष्ट सांगते, वाइन म्हणजे फळांचा रस नव्हे. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि महाराष्ट्रात तिच्यासाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात.

आता त्या ‘फ्रान्सची असेल तर’चं बघू. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांना लेबल झाकलेल्या वाइन चाखायला दिल्या. काही फ्रेंच, काही कॅलिफोर्नियाच्या. एका परीक्षकाने एका वाइनचा घोट घेतला आणि आपण फ्रान्सला परतलो म्हणून खूश झाला. ती होती कॅलिफोर्नियाची! रेड आणि व्हाइट, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाने मारला. तिथे पत्रकार एकच हजर होता, ‘टाइम’चा जॉर्ज टेबर. इतरांना त्यात बातमी दिसली नव्हती. (आमच्या वर्गात हा किस्सा शिकवायला हवा.)

फ्रेंच म्हणाले, आमच्या रेड अजून कोवळ्या आहेत, मुरू द्या, मग बघा. ३० वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या.

हाच स्परियर पुढे आपल्या जिल्ह्याशी जोडला गेला. बार्शीहून कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत अकलूज गाठलं की जवळच मोटेवाडीला फ्रॅटेलीचा वाइन कारखाना आहे. फ्रॅटेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशी तीन घरची भावंडं यात एकत्र आली. वाइन बनवायला इटलीहूनच पिएरो मासी आले. मासी आणि स्परियर या दोघांच्या आद्याक्षरांवरून ‘एम/एस’ या वाइन निघाल्या. कारखान्याची मानाची रेड ‘सेत्ते’, म्हणजे सात. सात संस्थापकांची आठवण. तिच्यात सांजोव्हेझे हे इटलीचं द्राक्ष आहे आणि काबर्ने सोव्हिन्यों हे बोर्दोचं. मुरते ओकच्या पिंपात.

ती बोर्दोसारखी ३० वर्षं टिकेल का? माळशिरस तालुक्यातले हे वेल या शतकातले. त्या मातीतली ३० वर्षांची बाटली अजून कुणाच्याच तळघरात नाही.