क्रेडिट कार्ड आणि पतगुणांक (भारत)

पतगुणांक (प्रचलित नाव क्रेडिट स्कोअर, बोलीभाषेत सिबिल स्कोअर) हा एखादी व्यक्ती घेतलेले कर्ज कितपत नियमितपणे फेडते हे दर्शविणारा तीन अंकी आकडा आहे. भारतात तो ३०० ते ९०० या दरम्यान असतो. आकडा जितका मोठा, तितकी वेळेवर परतफेडीची शक्यता अधिक मानली जाते. सर्वसाधारणपणे ७५० किंवा त्याहून अधिक गुणांक चांगला समजला जातो. मात्र भारतीय रिझर्व्ह बँकेने अशी कोणतीही किमान मर्यादा ठरवून दिलेली नाही. प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार निर्णय घेते.

कर्ज मंजूर होते की नाही याबरोबरच अनेक बँकांत व्याजदरही पतगुणांकावर अवलंबून असतो. वीस वर्षे मुदतीच्या ५० लाख रुपयांच्या गृहकर्जावर साडेआठऐवजी नऊ टक्के व्याज लागल्यास मासिक हप्ता सुमारे १,६०० रुपयांनी वाढतो आणि संपूर्ण मुदतीत सुमारे ३ लाख ८० हजार रुपये अधिक भरावे लागतात. ज्यांनी पूर्वी कोणतेही कर्ज घेतलेले नाही अशांसाठी क्रेडिट कार्ड हे पतगुणांक घडविण्याचे सहज उपलब्ध होणारे साधन आहे. गैरवापर झाल्यास तेच कार्ड गुणांक खालावण्याचेही कारण ठरते.

पार्श्वभूमी

मराठीत 'पत' या शब्दाचा अर्थ व्यवहारातील विश्वासार्हता असा आहे. 'बाजारात पत असणे' या वाक्प्रयोगात माणसाच्या श्रीमंतीपेक्षा त्याच्या शब्दावर असलेल्या भरवशाला महत्त्व आहे. पूर्वी ही पत दुकानदाराच्या किंवा सावकाराच्या खातेवहीत आणि वैयक्तिक ओळखीत सामावलेली असे. कर्जदार आणि कर्ज देणारी संस्था एकमेकांना ओळखत नाहीत अशा काळात त्या ओळखीची जागा परतफेडीच्या नोंदींनी घेतली.

मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये 'सेंट्रलकार्ड' हे क्रेडिट कार्ड सुरू केले. कर्जदारांची माहिती एकत्र ठेवणारी क्रेडिट इन्फॉर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड म्हणजेच सिबिल ही संस्था २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा संसदेने २००५ मध्ये संमत केला आणि डिसेंबर २००६ पासून तो लागू झाला. सध्या ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीनुसार हे काम करतात. चौघींची गणनपद्धती वेगवेगळी असल्यामुळे एकाच व्यक्तीचा गुणांक चारही ठिकाणी सारखा असेलच असे नाही.

गुणांक कसा ठरतो

बँका व वित्तसंस्था आपल्या खातेदारांची कर्जविषयक माहिती पतमाहिती कंपन्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला कळविणे बंधनकारक झाले. गणनेचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करीत नाहीत. परंतु पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

• परतफेडीचा इतिहास : देयके व हप्ते वेळेवर भरले गेले का, विलंब झाला असल्यास किती दिवसांचा.
• पत वापराचे प्रमाण : कार्डाच्या एकूण मर्यादेपैकी किती रक्कम वापरलेली आहे.
• पत इतिहासाचा कालावधी : खाती किती जुनी आहेत.
• कर्जांचे प्रकार : तारण कर्ज आणि विनातारण कर्ज यांचे मिश्रण.
• नवे अर्ज : अलीकडच्या काळात किती ठिकाणी कर्जाची किंवा कार्डाची मागणी केली.

उत्पन्न, बँकेतील बचत आणि डेबिट कार्डाने केलेला खर्च यांचा या गणनेत समावेश नसतो. त्यामुळे मोठ्या पगाराच्या पण देयके विसरणाऱ्या व्यक्तीपेक्षा बेताचे उत्पन्न असूनही वेळेवर रक्कम भरणाऱ्या व्यक्तीचा गुणांक अधिक असू शकतो.

क्रेडिट कार्डाचा वापर

संपूर्ण देय रक्कम आणि किमान देय रक्कम

क्रेडिट कार्डाच्या मासिक विवरणपत्रात 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम' असे दोन आकडे असतात. किमान रक्कम देय तारखेपर्यंत भरल्यास खाते थकीत म्हणून नोंदवले जात नाही. मात्र उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. शिवाय बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज आकारले जाते.

उदाहरणार्थ, कार्डावर ५०,००० रुपये बाकी आहेत, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान देय रक्कम २,५०० रुपये आहे असे मानल्यास एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ३१५ रुपये होतो. भरलेल्या २,५०० रुपयांपैकी मूळ रकमेतून केवळ ४३५ रुपये कमी होतात. या वेगाने कर्ज फिटण्यास अनेक वर्षे लागतात आणि त्या काळात बाकी मोठी राहिल्याने पत वापराचे प्रमाणही चढेच राहते. म्हणून दर महिन्याला एकूण देय रक्कम पूर्ण भरणे हा कार्डाच्या जबाबदार वापराचा पाया मानला जातो. बँक खात्यातून रक्कम आपोआप वळती करण्याची सूचना देताना ती किमान रकमेसाठी आहे की संपूर्ण रकमेसाठी, हे तपासणे आवश्यक असते.

विलंबाची नोंद

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ मधील निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक काळ रक्कम न भरल्यासच खाते थकीत म्हणून कळवता येते किंवा विलंब शुल्क आकारता येते. हे शुल्क केवळ न भरलेल्या रकमेच्या आधारे ठरवावे लागते. किमान देय रक्कम ९० दिवसांत पूर्ण भरली गेली नाही तर खाते अनुत्पादक ठरते. अशी नोंद गुणांकावर दीर्घकाळ परिणाम करते, कारण पतमाहिती किमान सात वर्षे जतन केली जाते.

पत वापराचे प्रमाण

एकूण मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा संकेत रूढ आहे. हा नियम नव्हे, तर ठोकताळा आहे. दर महिन्याला पूर्ण रक्कम भरणाऱ्या व्यक्तीच्या अहवालातही हे प्रमाण जास्त दिसू शकते, कारण अहवालात बँकेने कळवलेल्या दिवसाची बाकी नोंदवली जाते. एक लाख रुपये मर्यादेच्या कार्डावर ८०,००० रुपये खर्च झाले आणि देय तारीख येण्यापूर्वीच माहिती कळवली गेली, तर अहवालात ८० टक्के वापर दिसतो. मोठ्या खर्चानंतर देय तारखेची वाट न पाहता काही रक्कम आधीच भरल्यास हे टाळता येते. खर्च न वाढवता कार्डाची मर्यादा वाढवून घेतल्यासही प्रमाण घटते. मर्यादा वाढविण्यापूर्वी ग्राहकाची संमती घेणे बँकेवर बंधनकारक आहे.

जुने कार्ड बंद करणे

एका व्यक्तीकडे एक लाख आणि पन्नास हजार रुपये मर्यादेची दोन कार्डे असून एकूण खर्च ३०,००० रुपये असल्यास वापराचे प्रमाण २० टक्के असते. पहिले कार्ड बंद केल्यास तोच खर्च ६० टक्के ठरतो. त्यामुळे वार्षिक शुल्क नसलेले जुने कार्ड अधूनमधून वापरून चालू ठेवणे सामान्यतः हितकारक असते. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया बँक सुरू करू शकते. ज्या कार्डामुळे अनावश्यक खर्च वाढतो किंवा भारी शुल्क द्यावे लागते, ते बंद करणे मात्र गुणांकातील तात्पुरत्या घसरणीपेक्षा अधिक फायद्याचे ठरू शकते.

नवीन ग्राहक

ज्यांचा पत इतिहासच नाही अशांना मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड उपयुक्त ठरते. ठेवीच्या रकमेच्या ठरावीक प्रमाणात मर्यादा मिळते आणि कार्डाच्या परतफेडीची नोंद पतअहवालात होते. थोड्या अवधीत अनेक बँकांकडे अर्ज केल्यास प्रत्येक बँकेने केलेली चौकशी अहवालात दिसते आणि पैशाची निकड असल्याचा समज होऊ शकतो. म्हणून एक अर्ज नाकारला गेल्यास त्याचे कारण समजून घेऊन काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करणे योग्य ठरते. कार्डाद्वारे रोख रक्कम काढल्यास बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळे शुल्कही लागते.

प्रचलित गैरसमज

थोडी बाकी ठेवल्याने गुणांक वाढतो, हा समज चुकीचा आहे. बाकी ठेवल्याने केवळ व्याज वाढते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. थकलेल्या रकमेबाबत बँकेशी तडजोड करून कमी पैसे भरल्यास कर्जाचा प्रश्न मिटतो, पण अहवालात खाते 'पूर्ण फेडलेले' असे न दिसता 'तडजोडीने मिटवलेले' असे दिसते आणि पुढील कर्ज देणारी संस्था ते प्रतिकूल मानू शकते. शुल्क घेऊन गुणांक झटपट वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या मध्यस्थांना अहवालातील खरी नोंद काढून टाकण्याचा कोणताही अधिकार नसतो. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी अर्जदाराला मध्यस्थाची गरज नसते आणि या अर्जासाठी शुल्क लागत नाही.

अहवालाची तपासणी आणि तक्रार

२०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे आवश्यक आहे. चारही कंपन्यांकडून असा अहवाल मागवता येतो. नावातील साधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे, फेडलेले कर्ज चालू दाखवणे किंवा न घेतलेल्या कार्डाची नोंद असणे अशा चुका त्यातून लक्षात येतात.

चूक आढळल्यास संबंधित बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत तिचे निराकरण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ती एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. त्यानंतरही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली दाद मागता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेच्या कक्षेत आहेत.

मर्यादा

पतगुणांक केवळ औपचारिक कर्जव्यवहारांचे मोजमाप करतो. आयुष्यभर कर्ज न घेता रोखीने व्यवहार केलेल्या किंवा दुकानातील उधारी दर महिन्याला चोख फेडणाऱ्या व्यक्तीच्या सचोटीची नोंद त्यात नसते. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्यांचे अर्ज केवळ पत इतिहास नाही या कारणाने नाकारू नयेत, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने घेतली आहे. आजारपण किंवा नोकरी गेल्यामुळे चुकलेला हप्ता आणि हेतुपुरस्सर टाळलेला हप्ता यांतील भेदही गुणांकात उमटत नाही. जुन्या विलंबाची खरी नोंद पुसता येत नाही; त्यानंतर सलगपणे वेळेवर केलेल्या परतफेडीमुळे तिचा प्रभाव हळूहळू कमी होत जातो.