मळवलीला उतरा, मळवलीलाच गाडी पकडा: बसशिवाय ट्रेकचा धंदा

कमी भांडवलातल्या धंद्यांवरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतोय: "सर, ट्रेक न्यायचा धंदा सुरू करायचाय, गाडी कुठून घेऊ?" माझं उत्तर ऐकून काही जण हसतील. गाडी घेऊच नका. रेल्वे आहे ना!

पुणे-लोणावळा लोकलवर लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन म्हणजे मळवली. स्टेशनातून बाहेर पडलं की एक्सप्रेसवेवरच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि चालत भाजे गाव गाठायचं. गावाच्या वर भाजे लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथून गायमुख खिंडीकडे चढत लोहगडवाडी, मग पायऱ्यांनी लोहगड, आणि त्याच वाटेने परत स्टेशन. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. म्हणजे जाहिरातीचं अर्धं काम आधीच झालंय.

आता हिशोब. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

समजा 17 सीटची टेम्पो ट्रॅव्हलर दिवसाला 8,000 रुपयांना ठरवली. मदतनीसाचे 1,000 आणि तुमची स्वतःची मजुरी 1,000. (हो, स्वतःची मजुरी धरायचीच. नवे लोक इथेच हिशोब गोड करून घेतात.) एकूण 10,000 रुपये, माणसं कितीही येवोत. फी 800 ठेवली, माणशी जेवण आणि तिकिटं 200, म्हणजे हातात राहिले 600. दहा हजार भरून निघायला 17 माणसं हवीत. पण दोन सीटवर तुम्ही आणि मदतनीस! विकायला 15च सीट. गाडी फुल्ल झाली तरी 1,000 रुपये खिशातून.

आता तीच सहल लोकलने. फी 500, माणशी जेवण 180, रेल्वे आणि प्रवेश तिकिटं मिळून 80. हातात 240. ठरलेला खर्च फक्त दोघांची मजुरी, 2,000. नऊ माणसं आली की सगळं सुटलं. बारा आली तर 880 रुपये वर. आणि तीनच आली तर? आठवडाभर आधी कळलं तर सहल रद्द करा, कुणाचा ॲडव्हान्स बुडत नाही. दुकान चालवणाऱ्याला ही गोष्ट लगेच कळते. ग्राहक आला नाही म्हणून माझं दुकानाचं भाडं थांबत नाही. इथे मात्र सगळ्यात मोठं भाडं ग्राहक आला तरच लागतं, तेही तिकिटापुरतं.

फक्त 880 मध्ये घर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. नोकरी सोडून यात उडी मारू नका. शनिवार-रविवारचा जोडधंदा म्हणून सुरू करा.

बसवाला थांबतो, लोकल थांबत नाही. म्हणून तुमचा खरा माल म्हणजे वेळापत्रक, आणि ते उलटं बांधायचं. समजा परतीची गाडी पावणेसहाच्या सुमाराची धरली. मग सव्वापाचला स्टेशनवर पोहोचायचं, म्हणजे सव्वातीनला लोहगडवाडी सोडायची. जेवण अडीचला. म्हणून सव्वादोनला गड उतरून झालेला हवा, आणि बारापर्यंत पायथा गाठायला हवा. विंचूकाट्यावर फोटोंसाठी अर्धा तास जास्त गेला की सगळी साखळी घसरते. ही लाईन मुंबईसारखी नाही, एक गाडी चुकली की पुढची बराच वेळ नसते. रविवारी ब्लॉक आहे का, ते आदल्या रात्री बघा. गाडी रद्द झालीच तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा कार्ला फाटा हा तुमचा दुसरा पर्याय. तिथून लोणावळ्याला वाहन मिळतं, पण तिथपर्यंत चालणं वाढतं, हे लोकांना आधीच सांगून ठेवा.

जेवण पुण्याहून डब्यात नेऊ नका. वाडीतल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगा, आकडा आदल्या संध्याकाळी कळवा. बारा सांगितली आणि नऊ आली, तरी पैसे बाराचे द्यायचे. त्या ताईंनी पीठ मळलेलं असतं, चूल पेटलेली असते. तीन ताटांचे 540 रुपये वाचवाल आणि पुढच्या वेळी फोन उचलला जाणार नाही. शिवाय कुणाचा पाय मुरगळला, धुक्यात वाट चुकली, तर धावून येणारी माणसं हीच आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यातली नोंदणी तुम्हाला कशी लागू होते ते पर्यटन संचालनालयात विचारून घ्या. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या, विमा काढा. पावसाळ्यात मावळातल्या गर्दीच्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. आदेश असेल त्या दिवशी सहल रद्द, पैसे परत. सगळ्यात जास्त मागणी तेव्हाच असते, म्हणून हा नियम फॉर्मवर आधीच छापा.

पहिली फी घेण्याआधी हा रस्ता किमान तीनदा चाला, त्यात एक रविवार हवाच. सोबत घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस न्या आणि त्याच्याच वेळा वहीत लिहा.