व्यसनमुक्ती केंद्राची वही काय सांगते?

घरातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं की आधी नोंद होते. व्यसन कसलं, किती वर्षांचं, पूर्वी उपचार घेतले होते का, मध्येच का सोडले? एवढी चौकशी कशाला, असं आपल्याला वाटतं. पण अशा सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्या की कळतं, औषधं कोणती लागतील, समुपदेशक किती हवेत, लोक उपचार कुठे सोडतात.

मात्र वहीत येतात ते दारापर्यंत पोचलेलेच. बाकीच्यांसाठी घरोघरी जावं लागतं. दिल्लीच्या ‘एम्स’ने २०१८मध्ये देशभरातल्या सुमारे २ लाख घरांत अशी पाहणी केली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले होते. ३७ जण वहीबाहेर! २०२०मध्ये नशामुक्त भारत अभियानासाठी २७२ जिल्हे निवडताना याच पाहणीचा आधार घेतला गेला.

बायकांचं आणखी अवघड. लोक काय म्हणतील, म्हणून बाई केंद्रात जात नाही. वहीत बायकाच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय होत नाही. आणि सोय नाही, म्हणून पुढचीही येत नाही.

तेव्हा विचारलं तर खरं सांगू या. एसटीचं भाडं परवडत नाही, मूल कुणाकडे ठेवू, हेही लिहून घ्यायला लावू या. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. मदत हवी असेल तर १४४४६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. आपली अडचण वहीत आली, तरच तिच्यावर उपाय निघेल.