साचा, सूत्र आणि डोंगरावरचा गोठा

दहावीचा निकाल लागला की आपल्या गावातील फ्लेक्सच्या दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहा. ‘हार्दिक अभिनंदन’ ही अक्षरे, झेंडूच्या माळेची किनार, मागचा उगवता सूर्य, सारे गेल्या वर्षीचेच असते. बदलतात ती नावे, छायाचित्रे आणि टक्के. दुकानदार जुनी फाइल उघडतो, तेवढेच बदलतो आणि मोकळा होतो. नकळत तो गणितातली युक्ती वापरत असतो. ‘अंतर = वेग × काळ’ या सूत्रात तरी दुसरे काय असते? मांडणी कायम, किमती तेवढ्या आपण घालायच्या.

ही युक्ती ओळखून तिच्यावर उद्योग उभारणारा एक तरुण आपल्या बीड जिल्ह्यातला आहे. आष्टी तालुक्यातील सांगवी पाटण गावचे दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात काम करीत. पगार महिना ९,००० रुपये. संगणकावरील चित्रकामाला पदवीपेक्षा हातातील कसब लागते, हे त्यांना तेथे कळले. नोकरी सांभाळून त्यांनी ॲनिमेशनचा अभ्यास केला. पुढे हैदराबादला नोकरी करताना ते पायथॉन आणि सी प्लस प्लस या संगणकभाषा शिकले. दृश्य-परिणाम तयार करण्यात फार वेळ जातो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मग पुन्हा पुन्हा वापरता येतील असे साचे का करून ठेवू नयेत? या विचारातून पुढे ‘डूग्राफिक्स’ आणि ‘डिझाईन टेम्प्लेट’ निर्माण झाले.

आता थोडे तांत्रिक. छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ते फार मोठे केले की ठिपके दिसू लागतात. साच्यातील वर्तुळ मात्र ‘केंद्र अमुक, त्रिज्या तमुक’ अशा सूचनेच्या रूपात साठवता येते. त्रिज्या शंभरपट केली तरी कडा गुळगुळीतच राहते. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे!

२०२० साली टाळेबंदी आली आणि भगत गावी परतले. गावात मोबाइलची रेंज नीट मिळेना, म्हणून त्यांनी डोंगरावरच्या गुरांच्या गोठ्यात कार्यालय थाटले. डोंगरच का? १,८०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींची तरंगलांबी काढून पाहा. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की सुमारे १७ सेंटिमीटर येते. एवढ्या आखूड लहरी टेकडीला वळसा घालून पलीकडे फारशा पोहोचत नाहीत. टेकडीमागच्या गावावर जणू सावली पडते. मध्यम लहरींवरील रेडिओची तरंगलांबी शेकडो मीटर असते, म्हणून बालाघाटाच्या दऱ्यांतही आकाशवाणी ऐकू येते. मनोऱ्याशी थेट दृष्टिरेषा साधायची तर उंची गाठावी लागते. गावोगावची मुले अभ्यासासाठी मोबाइल घेऊन टेकडीवर का चढत होती, त्याचे कारणही बहुधा हेच.

‘शार्क टँक इंडिया’ या दूरदर्शन कार्यक्रमात अमन गुप्ता यांनी भगत यांच्या कंपनीच्या १० टक्के हिश्शासाठी १ कोटी रुपये देऊ केले. त्या हिशेबाने कंपनीचे मोल किती ठरले, ते तुम्हीच काढा.

हीच युक्ती मुंबईतही दिसते. सचिन टेके यांचे ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप २०१० मध्ये आले. लोकलचे वेळापत्रक त्यात आधीच साठवलेले. प्रवाशाने फक्त ‘कोठून’ आणि ‘कोठे’ सांगायचे. त्यामुळे ते इंटरनेटवाचूनही चालते. मात्र रेल्वेने वेळापत्रक बदलले की साठाही बदलावा लागतो. असे ॲप एकदा करून मोकळे होता येत नाही.

एक प्रयोग करा. वर्गातील रजेचे पाच अर्ज घ्या आणि प्रत्येकात बदलणारे शब्द अधोरेखित करा. उरलेला मजकूर हा तुमचा साचा. आता एखाद्याने ‘१२ तारखेपासून १० तारखेपर्यंत’ रजा मागितली तर? गुरुजी हसून अर्ज परत देतील. यंत्र तो निमूटपणे छापील. ते कसे अडवायचे, याची सूचना प्रथम साध्या मराठीत लिहून काढा.