मांजर ‘फिरले’ की आजारी पडले?

आमच्या मोहोळच्या घरात मनी नावाची मांजरी दहा वर्षे होती. ज्वारीच्या पोत्यांपाशी ती उंदीर फिरकू द्यायची नाही, लेकरांच्या गोधडीत शिरून झोपायची आणि कोणी शेपटी ओढली तरी नख बाहेर काढायची नाही. अशी ही मनी उन्हाळ्याच्या तोंडाला एकाएकी बदलली. पलंगाखाली ट्रंकेमागे जाऊन बसू लागली. हाक मारली तर येईना, उचलायला गेले की फिसकारायची. एके दिवशी तर तिने धाकट्या मुलीचा हात ओरबाडला आणि त्याच रात्री अंथरुणात लघवी केली.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, “दादा, मांजर फिरलंय. पोत्यात घाला अन् लांबोटीच्या पुलापल्याड सोडून या.” दुसऱ्या एकाने अमावास्येचा हवाला देऊन अंगारा आणायला सांगितले. तिसऱ्याने सरळ हिशेबच मांडला, “म्हातारी झाली, उंदीर धरत नाही, आता ठेवायची कशाला?”

खोटे कशाला बोलावे? घाणीला आणि फिसकारण्याला आम्हीही वैतागलो होतो. पोते काढूनही ठेवले होते. पण धाकटी दारात बसून राहिली. ज्या हाताला ओरखडा होता तोच हात पुढे करून म्हणाली, “मी आजारी पडले तर मला पण सोडून येणार का?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पोते पुन्हा माळ्यावर गेले आणि मनी पिशवीत बसून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी तिचे पोट चाचपले, तोंड हुंगले, वजन केले, रक्त तपासायला दिले. मनीचे दोन्ही मूत्रपिंड निकामी होत आले होते. डॉक्टर म्हणाले, “ही रागावलेली नाही, हिला दुखतंय.” त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. म्हणूनच आज हा विषय वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

मांजर हा शिकार करणारा प्राणी खरा, पण रानात त्याचीही शिकार होते. आपण दुबळे झालो हे शत्रूला कळू नये म्हणून दुखणे लपवण्याची सवय त्याच्या रक्तातच आहे. ते कण्हत नाही, रडत नाही. अगदी सहन होईनासे झाले की त्याचे वागणे बदलते, आणि आपल्याला वाटते हे सारे अचानक झाले! मूत्रपिंडाच्या दुखण्यात तर सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेर फारसे काही दिसत नाही. मागे वळून पाहताना आम्हाला आठवले, मनी दोन महिन्यांपासून पुन्हापुन्हा पाणी पीत होती. उन्हाळा आहे म्हणून आम्ही लक्ष दिले नाही.

तेव्हा वागण्यातला बदल ही जनावराची बोली समजावी. नेहमी अंगावर येणारे मांजर लपून बसते, त्याचे काहीतरी दुखत असते. घास तोंडात घेऊन टाकून देते, त्याचे दात किंवा हिरड्या पाहाव्यात. म्हातारे मांजर खूप खाऊनही वाळत चालले आणि रात्रभर ओरडू लागले, तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा विकार असू शकतो. चालताना भिंतीला धडकू लागले, तर रक्तदाब वाढून दृष्टी गेलेली असू शकते. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. तसेच मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून दुसरेच दुखणे उभे राहते.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एकाएकी अंगावर येणारे मांजर पिसाळलेलेही असू शकते. रेबीज कुत्र्यापासूनच होतो हा समज चुकीचा आहे. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील कानपूर देहात जिल्ह्यात मांजराने चावा घेतल्यानंतर बाप-लेक दोघेही काही दिवसांच्या अंतराने मरण पावल्याची बातमी आली होती. या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसली की तो जवळजवळ वाचत नाही. म्हणून चावा असो की ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, तेथे लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व तारखा पाळाव्यात. रक्त आले असेल तर जखमेत द्यावयाच्या वेगळ्या इंजेक्शनचीही विचारणा करावी. मांजरावर दहा दिवस नजर ठेवावी, पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस थांबू नये. आमच्या मुलीचा हात धुऊन आम्ही तिला लगेच लस दिली, म्हणून मनीकडे शांत मनाने पाहू शकलो. लाळ गाळणाऱ्या, लटपटणाऱ्या मांजराच्या तोंडात घास अडकला असेल म्हणून कोणीही हात घालू नये.

घरात जागा थोडी, माणसे जास्त. त्यात आजारी मांजर सांभाळायचे कसे? आम्ही जे केले ते सांगतो. पुठ्ठ्याचे खोके आडवे करून त्यात जुने लुगडे अंथरले आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर कोपऱ्यात ठेवले. ती खोक्यात असताना तिला कोणी हात लावायचा नाही, हा नियम लेकरांना घालून दिला. कडा छाटलेल्या उथळ पाटीत वाळू भरून जवळच ठेवली. दुखऱ्या जनावराला उंच कड ओलांडवत नाही. वाळूतली घाण रोज काढली. हे काम घरातल्या गरोदर बाईने करू नये, कारण मांजराच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला अपाय करणारा रोग होऊ शकतो. इतरांनीही नंतर साबणाने हात धुवावेत. पाण्याच्या वाट्या दोन ठिकाणी ठेवल्या. अन्न किंचित कोमट करून दिले की वास येतो आणि मांजर दोन घास जास्त खाते. मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण मांजराला विषच आहे. खारे बोंबील तिला कितीही आवडत असले तरी मूत्रपिंडाच्या दुखण्यात देऊ नयेत.

घाण केली म्हणून मारू नये. मार कशाचा हे त्याला कळत नाही. ते फक्त आपल्याला भिऊ लागते आणि आणखी लपते. त्याऐवजी एक जुनी वही घ्यावी आणि जमाखर्च लिहितो तसे रोज लिहावे: किती खाल्ले, किती पाणी प्याले, लघवी-शौच झाले का, उलटी झाली का. ही वही पाहून डॉक्टरांना निम्मे दुखणे समजते.

आणि एक फार महत्त्वाचे. आपल्या डोकेदुखीची, तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मायेने केलेला हा उपाय कित्येकांना महागात पडतो.

खर्चाचे काय, हे कोणीही विचारील, आणि रोजंदारीवर घर चालवणाऱ्याने विचारावेच. कर्ज काढून मांजरावर उपचार करा असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी नाहीत, तेथे आधी जावे. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ज्यांना जवळ पडते, त्यांनी तेथे चौकशी करावी. ‘आपल्याजवळ इतकेच पैसे आहेत, त्यात काय होईल?’ असे डॉक्टरांना विचारण्यात लाज कसली? कोपरा, पाणी, स्वच्छता आणि शांतता यांना पैसे पडत नाहीत.

शेवटी शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शनने वेदनेविना मरण देता येते हेही सांगितले. त्या रात्री झोप लागली नाही. पहिले शील डोळ्यांपुढे येत होते. मनी अजून दोन घास खात होती, सकाळी उंबऱ्यावर उन्हाला येऊन बसत होती, म्हणून आम्ही नको म्हणालो. पण ज्यांच्या जनावराला श्वास घेणेही जड झाले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे ठरवले तर त्यांना दोष देणारे आम्ही कोण? मात्र त्याची वेदना संपावी म्हणून की आपला त्रास संपावा म्हणून, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पोत्यात घालून पुलापलीकडे सोडणे ही तर सुटका नव्हेच. भुकेने-तहानेने तडफडेल अशा रीतीने पाळीव जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

विनयपिटकातील एक प्रसंग आपण विहारात ऐकला आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी त्याला विचारले, बाकीचे भिक्खू तुझी सेवा का करीत नाहीत? तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी त्याला आपल्या हातांनी धुतले. ‘उंदीर धरत नाही, ठेवायची कशाला?’ हा प्रश्न त्याच जातीचा नाही काय? उपयोग संपला की टाकून द्यायचे, हा न्याय आपल्या बापजाद्यांना या समाजव्यवस्थेने पिढ्यान् पिढ्या लावला. तोच न्याय आपण मुक्या जिवाला लावायचा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर प. पू. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातील कौटुंबिक छायाचित्र आपण पाहिले असेल. त्यात बाबासाहेब आणि माता रमाई यांच्यासमवेत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे.

मनी त्यानंतर अडीच महिने जगली. एका पहाटे खोक्यातच शांतपणे गेली. आदल्या रात्री, कित्येक दिवसांनी, ती आपण होऊन धाकटीच्या पायाशी येऊन बसली होती. शेजारच्या मावशींनीच खड्डा खणायला कुदळ दिली आणि म्हणाल्या, “आमच्या बोक्याला काय झालं तर डॉक्टर कुठं बसतात, ते सांगून ठेवा.”

जयभीम!