कायद्याची ओळख कोण करून देणार?

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे काम शिकणारा एक तरुण वकील दुपारी बाररूममध्ये आला. हातात चार छापील पाने. म्हणाला, "जयभीम सर. हॉलंडमध्ये जुलै महिन्यात परदेशी वकिलांसाठी अमेरिकन कायद्याचा वर्ग असतो. कोलंबियाचे प्राध्यापक शिकवतात. अर्ज करू का?" आम्ही त्याला उडवून लावले. "उद्या अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये फिर्यादीतर्फे जामिनाला विरोध करायचाय, ते कागद वाच आधी. अमेरिकेचा कायदा घेऊन इथल्या कोर्टात काय करणार?" पोरगा गप्प बसला. पाने मात्र टेबलावर ठेवून गेला. रात्री आम्ही ती वाचली आणि आमचीच आम्हाला लाज वाटली. १९१३ साली ज्या कोलंबियात बाबासाहेब शिकायला गेले, त्या विद्यापीठाचे नाव ऐकूनही आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'कशाला' हा! म्हणून हा लेख.

हा वर्ग आजकालचा नाही. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि हॉलंडमधील लायडन व अॅमस्टरडॅम ही दोन विद्यापीठे यांनी मिळून तो १९६३ साली सुरू केला. हॉलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे कोलंबियात कायद्याचे प्राध्यापक झालेले हान्स स्मिट यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. एका वर्षी लायडन, दुसऱ्या वर्षी अॅमस्टरडॅम अशी त्याची पाळी ठरलेली. येणारे लोक देशोदेशीचे वकील, कायद्याचे विद्यार्थी, सरकारी नोकरीतले कायदेतज्ज्ञ. अमेरिकेतही कित्येक विद्यापीठे उन्हाळ्यात असे परिचयवर्ग चालवतात. यातून वकिलीची सनद मिळत नाही. काही आठवड्यांत कोणी अमेरिकन वकील होत नाही. मग तिथे शिकतात तरी काय?

शिकतात ती दुसऱ्या देशाचा कायदा विचार कसा करतो ही गोष्ट. हॉलंड, जर्मनी, फ्रान्स इथल्या वकिलाला संहितेची सवय असते. आधी कलम, मग प्रकरण. अमेरिकन कायदा शिकवण्याची रीत उलटी. १८७० नंतर हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी रूढ केलेली ही रीत म्हणजे आधी खटला आणि मग त्यातून नियम. प्राध्यापक भाषण कमी देतात आणि प्रश्न जास्त विचारतात. फिर्याद कोणाची होती? मागितले काय होते? न्यायालयाने नेमके ठरवले काय? हीच हकीकत थोडी बदलली तर निकाल काय लागेल? आपल्याकडच्या वकिलाला निवाडे नवे नाहीत. पण कलम आणि हेडनोट पाठ करून परीक्षा दिलेल्या आपल्या पोरांना कोणी असे उभे करून विचारले आहे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अमेरिकन घटनेचे निवाडे उघडले की पहिल्या काही पानांतच काळ्या माणसाची कहाणी समोर येते. १८५७ चा ड्रेड स्कॉट खटला. काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याच्या समान संरक्षणाची हमी दिली. आणि १८९६ साली प्लेसी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, रेल्वेचे डबे वेगळे ठेवले तरी समानता भंगत नाही! शब्द समानतेचे, अर्थ अस्पृश्यतेचा. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत होते तेव्हा हाच निकाल त्या देशाचा कायदा होता.

तो निकाल शाळांच्या बाबतीत मोडला १७ मे १९५४ रोजी, ब्राऊन खटल्यात. पण तो मोडला कोणी? न्यायमूर्तींनी, असे पुस्तक सांगेल. आम्ही म्हणतो, तो हॉवर्ड विद्यापीठाने मोडला! काळ्यांच्या या विद्यापीठात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी कायदा शाखा नव्याने उभी केली. ते स्वतः हार्वर्डमध्ये शिकले होते. तिथली विद्या त्यांनी आपल्या लोकांत आणली आणि वकिलांची एक पिढी घडवली. त्या पिढीतले थरगूड मार्शल. मेरीलँड विद्यापीठाची कायदा शाखा काळ्यांना प्रवेश देत नव्हती, म्हणून ते हॉवर्डला गेले. वकील झाल्यावर गुरूला सोबत घेऊन त्यांनी त्याच विद्यापीठाविरुद्धचा खटला १९३६ साली जिंकला. ब्राऊन खटला लढवणारे तेच आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात बसणारे पहिले काळे न्यायमूर्तीही तेच. म्हणजे कायदा तोच, पण त्याची ओळख करून देणारा बदलला की कायद्याचा अर्थही बदलतो.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. दुसऱ्याच्या लढ्यातून घेण्यासारखे ते घेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना करून दाखवली आणि घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते, त्या घेण्यात लाजण्यासारखे काही नाही, असे बजावले. आपल्या कलम १४ मधले 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द त्या चौदाव्या दुरुस्तीतूनच आलेले आहेत.

पण नुसते शब्द घेऊन भागत नाही, हेही आपण लवकरच शिकलो. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या महाविद्यालयांतील जातवार जागा रद्द केल्या. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. १९७६ च्या एन. एम. थॉमस खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, राखीव जागा हा समानतेला अपवाद नसून समानतेचेच एक रूप आहे. तिकडे अमेरिकेत काय झाले? २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांचे वंश लक्षात घेऊन प्रवेश देण्याचे धोरण रद्द केले. आधार कोणता? तीच चौदावी दुरुस्ती! काळ्यांना संरक्षण देण्यासाठी आलेली दुरुस्ती त्यांच्याच विरोधात वापरली गेली. उद्या हाच युक्तिवाद आपल्या न्यायालयांत 'जागतिक प्रवाह' म्हणून आला, तर उत्तर कोण देणार? दोन्ही कायदे जाणणारा आपला वकील हवा की नको?

आता नाण्याची दुसरी बाजू. आपला कायदा शिकण्याची गरज आज परदेशी वकिलालाही पडली आहे. जात समुद्र ओलांडून गेली. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिलिकॉन व्हॅलीतील एका बड्या कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने मंजूर केलेले जातविषयक विधेयक राज्यपालांनी परत पाठवले. सध्याच्या कायद्यांत हे संरक्षण आहेच, असे कारण त्यांनी दिले. आहे की नाही, हे आता तिथले वकील कोर्टात भांडतील. त्यांना जात म्हणजे काय हे कोण सांगणार?

पुस्तकातून सांगणारा सांगेल की, भारतात कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली आणि १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा कडक आहे. दोन्ही वाक्ये खरी. पण खैरलांजी? २००६ साली भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कलम एवढे स्पष्ट आणि निकालातून जात गायब! हा अमेरिकन पद्धतीने 'आधी खटला, मग नियम' शिकवण्याचा धडा आहे. तो गावकुसाबाहेरच्या फिर्यादीची उलटतपासणी स्वतः ऐकलेला माणूसच शिकवू शकतो.

तेव्हा समाजबांधवांनो, दोन कामे समोर आहेत. पहिले, आपली पोरे अशा वर्गांना गेली पाहिजेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासासाठी आहेत. काही आठवड्यांचा वर्ग त्यात बसत नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उधळणारा पैसा एका वकिलाच्या विमान तिकिटाला लागू शकतो, हे मंडळांनी मनावर घ्यावे. जो जाईल त्याने परत येऊन मे महिन्याच्या सुट्टीत विहारात इतर वकिलांना शिकवावे. ह्यूस्टन यांनी तेच केले. दुसरे, आपण स्वतः परदेशी वकिलांसाठी असा वर्ग सुरू करावा. १९५६ साली स्थापन झालेले सिद्धार्थ विधी महाविद्यालय बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचेच. जागा आहे, वकील आहेत, खटल्यांचा तर तोटा नाही!

आम्ही त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी बोलावले. म्हटले, "बाबा, आमची चूक झाली. अर्ज भर. शिफारसपत्र आम्ही देतो." तो हसला आणि म्हणाला, "देतो सर. आधी जामिनाचं बघू." दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात, हे आमच्यापेक्षा त्यालाच अधिक कळले होते.