पेल एलची चव जिभेवर कमी, नाकात जास्त

चारकोपच्या मार्केटमध्ये संध्याकाळी एखाद्या बिअर शॉपीसमोर थोडा वेळ थांबलात, तर गिऱ्हाइकाच्या तोंडी ब्रँडच्या नावाआधी प्रश्न येतो, ‘चिल्ड आहे का?’ दुकानदार फ्रिजच्या मागच्या रांगेत कोपरापर्यंत हात घालतो, घामेजलेली बाटली बाहेर काढतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. मुंबईच्या उकाड्यात हा आग्रह रास्तच आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या लागर बिअरला तो चालतोही, कारण तिच्यात वासाचा भाग मुळातच बेताचा. पण अलीकडे त्याच फ्रिजमध्ये क्राफ्ट बिअरचे रंगीत डबे दिसू लागले आहेत. त्यातली अमेरिकन धाटणीची पेल एल बर्फगार करून पिणाऱ्याने जादा मोजलेले पैसे निम्मे तरी वाया गेले म्हणून समजावं.

कारण या बिअरची सगळी ऐट हॉप्सवर आहे. हॉप्स ही वेल भांगेच्याच कुळातली, पण नशेचं द्रव्य तिच्यात नाही. साधारण ३५ ते ५५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, उन्हाळ्यात दिवस लांबतो तिथे ती नीट फुलते. मुंबई १९ अंशांवर, त्यामुळे इथल्या ब्रुअरला हॉप्स बाहेरूनच मागवावे लागतात. वेलीचं मादी फूल हिरवट, कागदासारख्या पाकळ्यांचं असतं. ते तळहातावर चुरडलं की पाकळ्यांच्या बुडाशी लपलेली पिवळी, चिकट भुकटी बोटांना लागते. हे ल्युप्युलिन. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात, कडवट राळ आणि सुगंधी तेल. आणि या दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही.

राळेतली अल्फा आम्लं पाण्यात धड विरघळत नाहीत. माल्टचा गोड काढा हॉप्स घालून तासभर उकळला की त्यांच्या रेणूंची मांडणी बदलते, ती आयसो-अल्फा आम्लं होतात, द्रवात उतरतात आणि बिअर कडू लागते. पण त्याच तासाभरात सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जातं. म्हणून ब्रुअर हॉप्स हप्त्याहप्त्याने टाकतो. पहिला हप्ता उकळीच्या सुरुवातीला, कडूपणासाठी. दुसरा गॅस बंद करायच्या बेताला, वासासाठी. काही जण आंबवण संपल्यावर थंड बिअरमध्ये आणखी एक हप्ता भिजत घालतात. त्यातून कडूपणा फारसा येत नाही, वास मात्र भरपूर येतो.

कोणता वास? अमेरिकन पेल एलची ओळख कॅस्केड नावाच्या हॉप्सने घडवली. ऑरेगनमधल्या सरकारी संकर-कार्यक्रमात १९५६ मध्ये इंग्लिश फगल आणि रशियन सेरेब्रियान्का यांच्या वंशातून ही जात तयार झाली, आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. केन ग्रॉसमन या तरुणाने कॅलिफोर्नियातल्या चिको गावात, दुग्धालयांच्या भंगारातली भांडी जोडून ब्रुअरी उभारली आणि १९८० मध्ये कॅस्केड सढळ हाताने वापरून ‘सिएरा नेवाडा पेल एल’ काढली. मद्यार्क ५.६ टक्के, कडूपणा ३८ एकक, म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे ३८ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं. जगभरच्या क्राफ्ट ब्रुअरींनी पुढे हीच बिअर समोर ठेवून आपापली पेल एल बेतली.

या वासाला तिकडे ग्रेपफ्रूटची उपमा देतात. आपल्याला जवळचं म्हणजे पपनसाची ताजी साल. पण रसायनांची यादी बघितली, तर त्यात परकं असं काही सापडत नाही. हॉप्सच्या तेलातलं लिनालूल आपल्या धण्यांत ठासून भरलेलं असतं. धण्याच्या तेलाचा ६० ते ७० टक्के भाग तेच. गुलाबाकडे झुकणारं जिरॅनिऑल हे रोशा गवताच्या तेलातलं मुख्य द्रव्य. हॉप्समधलं कॅरिओफायलीन मिऱ्यांत आणि लवंगेतही आहे. वर्षानुवर्षं मसाले भाजलेल्या घरातला माणूस या बिअरला ‘फॉरेन वास’ म्हणून नाक मुरडतो, तेव्हा मला जरा हसू येतं.

हे रेणू आपल्याला कळतात ते मुख्यतः नाकात. घोट गिळताना त्यातली वाफ घशामागच्या वाटेने वर नाकपोकळीत जाते आणि मेंदू तो वास जिभेच्या खात्यावर जमा करून टाकतो. खात्री करायची असेल, तर नाक चिमटीत धरून पेल एलचा घोट घ्या. कडू, किंचित गोड, थोडं झणझण, बस्स. गिळून झाल्यावर चिमटी सोडा, मग पपनस येतं. आता हेच रेणू चार अंशांवर ठेवले, तर ते द्रवातून वर उठायलाच आळस करतात. शिवाय जिभेच्या पेशींमध्ये गोड आणि कडू दोन्हींचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम-५ नावाची वाहिनी गारठ्यात मंदावते. म्हणजे नाकही उपाशी आणि जीभही अर्धी झोपेत. पेल एलसाठी सात ते दहा अंश पुरेत. आपल्या दमट हवेत फ्रिजमधून काढून ग्लासात ओतलेली बिअर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप तिथे पोहोचते.

ग्लासात ओतणं हेही महत्त्वाचं. डब्याच्या बारक्या भोकातून पिताना नाक पत्र्यावर टेकलेलं असतं, त्याला वास मिळणार कुठून? ओतताना फेस येऊ द्या. जवातली प्रथिनं आणि तीच कडू आम्लं मिळून तो फेस धरून ठेवतात. चांगल्या पेल एलचा फेस म्हणूनच घोटागणिक ग्लासाच्या कडेला जाळी सोडत खाली जातो.

फसफसण्याची गंमत वेगळीच. ती बुडबुडे फुटण्याची गुदगुली आहे असं आपण धरून चालतो. २००९ मध्ये जयराम चंद्रशेखर, चार्ल्स झुकर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की आंबट ओळखणाऱ्या चवपेशींवर कार्बनिक अॅनहायड्रेज हे विकर असतं, आणि त्याच्यामार्फत जीभ कार्बन डायऑक्साइडची चक्क चव घेते. हिमालयात जाणारे आपले ट्रेकर विरळ हवेसाठी डायमॉक्सची गोळी घेतात. ती याच विकराला रोखते. उतरल्यावर साजरं करायला उघडलेली बिअर शिळी, मेलेली लागते, तो दोष बाटलीचा नसतो.

राहिला कडूपणा. कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर माणसाच्या तोंडात आहेत. विषापासून सावध करणं हे त्यांचं काम, म्हणून लहान मूल कडू थुंकून टाकतं. कडूची आवड लागावी लागते. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पानं चावणाऱ्या आणि कारल्याच्या काचऱ्या मागून घेणाऱ्या समाजाला हे वेगळं सांगायला नको. मीठ कडूला दाबतं हेही आपली स्वयंपाकघरं जाणतात. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी ब्यूचॅम्प यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ते मोजून दाखवलं. कडूचा जोर उतरला की त्याखाली दबलेल्या बाकीच्या चवी वर येतात. चखण्याला खारे शेंगदाणे असतात त्याला असा आधार आहे. झणझणीत शेव मात्र पेल एलसोबत जपून खावी. मिरचीचा दाह ओळखणारा रिसेप्टर अल्कोहोलमुळे आणखी हळवा होतो, मग तोंड पोळतं आणि वासाकडे कोणाचं लक्षच राहत नाही.

महाराष्ट्रात या चवीची वाट पुण्याने पाडली. २००९ मध्ये तिथे ‘डुलाली’ ही ब्रुअरी सुरू झाली, जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शॉफ यांच्या हाताखाली. पुढे त्यांची टॅपरूम अंधेरी-वांद्र्यापर्यंत आली, डोंबिवलीत ‘गेटवे ब्रुइंग’ उभं राहिलं. इथल्या ब्रुअरला पाण्याचाही विचार करावा लागतो. पेल एलला पाण्यात सल्फेट लागतं, त्याने हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि रेखीव होतो. इंग्लंडमधलं बर्टन गाव याच पाण्यावर नावारूपाला आलं. तलावांतून येऊन भांडुपला शुद्ध होणारं मुंबईचं पाणी मृदू, त्यात क्षार कमी. पण ब्रुअरला हे सोयीचंच आहे. हवं तेवढं जिप्सम घालून पाणी जडावता येतं, मुळात जड पाणी हलकं करणं कटकटीचं.

पुन्हा त्या काचेच्या दाराच्या फ्रिजकडे बघू. आत दिवसरात्र दिवा जळत असतो. प्रकाशातला निळा भाग बिअरमधलं रिबोफ्लेविन शोषतं, त्यातून कडू आम्लं तुटतात आणि गंधकयुक्त, उग्र वासाचं एक द्रव्य तयार होतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फार कमी, डबा पूर्ण. उष्णता तर याहून वाईट. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पेल एलमधलं पपनस आधी जातं आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास राहतो.

मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच टक्क्यांच्या ३३० मिलीच्या डब्यात सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल जातं. न पिणाऱ्याने या लेखामुळे सुरुवात करण्याचं काहीच कारण नाही. पिणाऱ्याने मात्र पुढच्या वेळी ‘चिल्ड आहे का?’ विचारण्याआधी डबा उलटा करून भरल्याची तारीख बघावी. तीन-चार महिने उलटून गेले असतील, तर डबा परत ठेवून साधी लागर घ्यावी. ती स्वस्त पडेल आणि बर्फगार प्यायली तरी काही बिघडणार नाही.